बरोबरीचा अर्धा नारळ

आमचं गाव उमरग्याच्या खालतीकडं, सीमंला लागून. आई घरात कानडी बोलायची, आप्पा मराठी, आन् म्या दोन्हींच्या मधी गप बसायचो. आप्पा म्हंजे माझे वडील, यात्रंतले नावाचे पैलवान. त्यांच्या अंगाला तांबड्या मातीचा, ताकाचा आन् हळदीचा वास यायचा. लहानपणी त्यांच्या पाठीवर निजलो की वाटायचं, भिजल्या रानावर निजलोय. ह्या पाठीनं कवा माती बगितली न्हाय, आसं गाव म्हणायचं. आन् त्यांच्या पोटी म्या, काडीपैलवान. तालमीत उतरलो की पोरं मला उचलून बाजूला ठिवायची, दारातली चप्पल सारल्यागत.

मग उमरग्याच्या शाळेत बॉक्सिंगचे सर भेटले. ते म्हणले, हातात जोर न्हाय तुझ्या, पण पायात वारा हाय. मार आन् निघ, मार आन् निघ. काय सांगू तुम्हाला ताई, पहिल्यांदा ग्लोज घातले तवा आतनं दुसऱ्याच्या घामाचा आंबूस, ओला वास आला, आन् वाटलं, आता ह्यो वास आपला. समोरचा रेड्यागत अंगावर यायचा, म्या त्येच्या कपाळावर टिचकी मारून सरकायचो. टिचक्याच त्या. जिंकलो लई, पण उभ्या जन्मात म्या कुणाला पाडलं न्हाय, एकाला बी न्हाय, सगळे उभ्यानं हरले. ज्येंच्या हातात जोर व्हता ते एका ठोशात मोकळे व्हायचे, आंघोळ करून भजी खायला जायचे. मला दर टायमाला शेवटच्या घंटीपतोर उभं ऱ्हावं लागायचं, आन् तंवर मार बी खावा लागायचा. हलक्या हाताला जिंकणं बी दुखतं बगा.

आमच्या फडाची रीत आशी, की पाठ मातीला लागली तरच कुस्ती झाली. मग फेटा, मग खांद्यावर मिरवणूक. न्हाय लागली तर बरोबरी. एक नारळ फोडायचा, दोघांना अर्धा अर्धा द्यायचा आन् घरी पाठवायचं. म्या राज्याचं सोन्याचं पदक घेऊन आलो त्यो नेमका यात्रंचा दिवस. सरांनी मोबाईलवर पुण्याच्या पोरासंगची फायनल दाखवली, सगळं गाव वाकून बगत व्हतं. रेफ्रीनं माझा हात वर केला, तरी कुणी टाळी वाजवंना. फडाचे पंच म्हंजे आमचे म्हातारे तात्या. ते म्हणले, आरं पण पडला कोण? म्या म्हणलं, कुणी न्हाय तात्या, पॉइंटवर जिंकलो. तात्या म्हणले, पॉइंट कवा मातीत पडत्यात व्हय रं, दोघं बी उभे हायत की. गाव हसलं. वाईट न्हाय हसलं, मायेनं हसलं, आन् त्येच लई लागलं. तात्यांनी नारळ फोडला, अर्धा माझ्या वंजळीत दिला, अर्धा मारुतीच्या कोनाड्यात ठिवला, ह्यो पुण्याच्या पोराचा, आला की दिऊ म्हणून. म्या आप्पांकडं बगितलं. माझ्यासाठी आणलेला फेटा त्यांनी काखंतनं काढला व्हता, आन् त्येची परत घडी घालीत व्हते.

मला जन्मात तेवढाच पायजे व्हता ताई, त्यो फेटा, त्यांच्या हातनं.

पुढची स्पर्धा सोलापुरात. आप्पा आले, म्होरल्या खुर्चीत बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत फेटा. तिसऱ्या राऊंडला म्या पुढं व्हतो. सर वरडत व्हते, पळत ऱ्हा, नुसता पळत ऱ्हा. आन् तेवढ्यात आप्पांचा आवाज आला, आरं पाड की त्येला! म्या थांबलो. पाय रवले आन् अंगात व्हतं नव्हतं ते सगळं उजव्या हातात आणून मारलं. ओल्या वाकळंवर मारल्यागत झालं. त्यो हालला बी न्हाय. मग त्येचा ठोसा आला. डोळ्यात खालनं काळं पाणी चढावं तसं झालं, पण म्या पडलो न्हाय, घंटी होस्तोवर उभा ऱ्हायलो, आन् पॉइंटवर जिंकलो. आप्पा जवळ आले. त्यांनी माझ्याकडं न्हाय, त्या पोराकडं बगितलं. त्यो उभ्यानं पाणी पीत व्हता. म्हणले, चल, एस्टी निघंल. पिशवी उघडलीच न्हाय.

डोळ्याचा पडदा फाटला व्हता. आपरेशन झालं, नजर काय परत आली न्हाय, खेळ तिथंच थांबला. आता उमरग्यात आडतीवर पोती शिवतो. दिसभर तागाचा वास, तुरीची धूळ, दाभण एका डोळ्याच्या अंदाजानं घालायचं. आप्पांचं एक अंग गेलंय, वाचा बी गेली. म्याच त्यांना धुतो, कूस बदलतो. त्या पाठीला आता गादीनं जखमा केल्यात.

यंदा यात्रंच्या सकाळी म्या पेटीतनं फेटा काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. त्यांच्या चांगल्या हाताशी ठिवला, म्हणलं, आप्पा, आता तरी बांधा की. त्यांनी लई येळ माझ्याकडं बगितलं, वळखीच्या नजरंनं बगितलं. मग त्या एका हातानं, कडंला कड लावून, त्यांनी त्येची घडी घातली.

म्या फेटा परत पेटीत ठिवला. न्हाय रडलो.

गाव आजून दर यात्रंला माझ्या नावानं नारळ फोडतं, रीतच पडलीया. कोनाड्यातला पुण्याच्या पोराचा वाटा वाळून खवट व्हतो, पुढच्या वर्षी काढून नवा ठिवत्यात. बसा ताई, च्या घ्या. देव तुमच्या लेकराबाळांना सुखी ठिवो. आन् जाताना ह्यो नारळ न्या, गोड हाय. अर्धाच हाय, पण माझाच हाय.