बॉनेटवरची पाच अक्षरं

माझा जन्म खरवईचा, म्हंजे आता तुम्ही बघता ना बिल्डिंगींचा, तो खरवई नाय, भाताच्या खाचरांचा. घराच्या मागं फणसाचा झाड व्हता, आनि काय सांगू तुम्हाला मॅडम, आज मी जे काम करते ते त्या झाडाखालीच शिकली. फणस फोडायचा तर आई आधी हाताला खोबरेल लावायची, कोयत्याला लावायची, तरी चीक लागायचाच. मी पोर, विहिरीवर जाऊन हात घासायची, राखेनी घासायची, हात लालभडक व्हायचा पन चीक काय जायचा नाय. आई हसायची, बोलायची, पोरी, चिकाशी भांडू नको, त्याला तेल पाज, गुमान सुटतो. तेवढाच माझा शिक्षण. बाकी शाळा चौथी.

लगीन झाला आनि उल्हासनगरला आली. कॅम्प दोनला मालकांचा, म्हंजे माझ्या नवऱ्याचा, रेडियमचा दुकान. रेडियम म्हंजे गाडीवर नाव टाकतात, देव टाकतात, पोरांची नावं टाकतात, ते. मालकांचा हात असा सरळ व्हता की नुसत्या कटरनी अक्षर कापायचे, लोकं बघत बसायची. मंग मशीन आली, आनि मालकांचा हात थरथरायला लागला, दोन्ही एकदमच आला बघा. आता ते गल्ल्यावर बसतात, अक्षर मशीन कापते, आनि काढायचा काम माझा. हो, चिकटवायला शंभर दुकानं हायत, काढायला कोन नाय. काढणं म्हंजे कटकट. वरचा प्लास्टिक निघतो, गम राहतो खाली, आनि तो गम धूळ धरतो, काळा होतो. शेजारचा सीटकव्हरवाला साईं मला नेहमी बोलायचा, भाभी, थिनर मारो, दो मिनिट में साफ. मी बोलायची, साईं, गम के साथ कलर भी साफ. थिनर गाडीच्या रंगाला नाय लावायचा, ब्लेडची पत्ती नाय लावायची, पत्ती फक्त काचेला. आधी गाडी धुवायची, नाय तर बारीक रेती घासली जाते. मंग केस सुकवायची मशीन लांबून धरायची, गम कोमट झाला की खोबरेलाचा बोळा वर ठेवायचा, आनि बसायचा चहा पीत. घाई केली की मेला. मंग जुना एटीएम कार्ड आडवा धरून हळूच सारायचा.

तर भावाची गोष्ट. मला एकच भाऊ, लहान, मीच कडेवर वाढवलेला. खरवईची जमीन बिल्डरला द्यायची ठरली तवा तो कागद घेऊन आला, ताई, हक्कसोडवर सही कर. आमच्यात बहिणी करतात सही, कोन नाय बोलत नाय, नाय बोलली तर माहेर तुटला. मालक बोलले, विचार कर. मी बोलली, विचार काय करायचा, भाऊ हाय माझा. अंगठा नाय दिला, सही केली मी, सगळ्यांसमोर, नीट वेलांट्या काढून. त्यानी लाल गाडी घेतली आनि पहिली आमच्या दुकानात आनली. बोलला, भावजी, बॉनेटवर लिहा, ताईची कृपा. लोकं आईबापाचा लिहितात, देवीचा लिहितात, बहिणीचा कोन लिहितो? मालकांनी मशीन बंद ठेवली, हातानी कापला, तेवढा हात व्हता तवा. भाऊ रडला, मी पन रडली, साईंनी पेढे आनले.

मंग बंगला बांधायला काढला, चार वर्षं गाडी उघड्यावर उनात उभी. बंगला झाला, पुतण्याची हळद आली. आता आमच्याकडची हळद म्हंजे तुम्हाला ठाव हाय, लग्नापेक्षा मोठी, बॅन्जो, मटण, हजार माणूस. मी आईला शोधते, आई कुठं नाय. आई तवा विसरायला लागली व्हती, कपडे ओले करायची, तर तिला गाडीच्या शेडमध्ये बसवलेली, टोपांच्या मागं, हातात ताट, अंगावर धड पातळ पन नाय. माझा डोकाच फिरला. मी सगळ्यांसमोर बोलली, बॅन्जो थांबला एवढ्या मोठ्यानी बोलली, की ज्या माऊलीच्या जमिनीच्या पैशावर नाचताय ना, तिला गाडीच्या जागेत ठेवलीय. खरा व्हता ते. पन पाव्हण्यांसमोर बोलायचा नव्हता, ते मला आजपन वाटतो. भाऊ बोलला, तुझा माहेर संपला, या फाटकात पाय ठेवू नको. मी आलीच ना निघून. पाच महिने आईला नाय बघितला. भाऊबीज गेली. मी फोन केला तर वहिनी बोलायची, झोपल्यात त्या.

आनि एक दिवस तो गाडी घेऊन दुकानात. मी पयला बॉनेट बघितला. रागानी त्यानी स्वतःच नखानी ओढून प्लास्टिक काढलेला आनि गम राहिलेला, गमावर धूळ बसून अक्षरं काळीकुट्ट, पयल्यापेक्षा जास्त दिसतात. ताईची कृपा, चिखलानी लिहिल्यासारखी. गावात लोकं हसायला लागली. बदलापूरच्या एकानी एका कोपऱ्यात थिनर लावून बघितला तर तिथला रंग पांढरा पडला, मंग भाऊ घाबरून माझ्याकडं आला. माझ्याकडं म्हंजे मालकांकडं बघून बोलला, भावजी, हे काढून पायजे. माझ्याकडं बघितलाच नाय.

मी पदर खोचला. धुतली, सुकवली, कोमट केली, तेल लावला. तो स्टुलावर बसला, मोबाईल बघतोय. मी बोलली, आई जेवते का. मी बोलली, रात्री झोपते का. त्यानी मोबाईलचा आवाज वाढवला. पयला ता काढला, मंग ई. तुम्हीच सांगा, स्वतःचा नाव स्वतःच्या हातानी काढायचा म्हंजे काय वाटत असेल. पन मी घाई नाय केली, ओरखडा नाय येऊ दिला, कामात मी कोनाचा राग नाय काढत. दोन तास लागले. साबणाच्या पान्यानी तेल उतरवला, बनियनच्या कपड्यानी पुसला.

तर ऊन तिरका आला आनि अक्षरं परत उभी राहिली. गम नाय हो, गम सगळा गेलेला, हात फिरवा, काच. पन चार वर्षांच्या उनात बाकीचा लाल उडालेला आनि नावाखालचा लाल ताजा राहिलेला. ताईची कृपा, गडद लाल. भाऊ उठून उभा राहिला, पयल्यांदा माझ्याकडं बघितला, बोलला, घास, काढ ते.

आनि मॅडम, मी खोटा बोलली. पंचवीस वर्षांत गिऱ्हाईकाशी कधी नाय बोलली. कंपाउंड, म्हंजे पॉलिशची पेस्ट, लावून बफनी घासला असता तर तासाभरात सगळा सारखा झाला असता, डबा माझ्या पायाशी व्हता. मी बोलली, ते घासून नाय जात. उनानीच गेला ते उनानीच सारखा होनार. गाडी उनात उभी कर दोन उन्हाळे, मंग जाईल. मालक बघत राहिले माझ्याकडं. मी पैसे नाय घेतले, बोलली, आईला भेटू दे फक्त. तो गाडीत बसला आनि गेला.

बोलावना काय आला नाय. गावदेवीच्या जत्रेला मी ओटीचा नारळ घेऊन गेली, वाटेत त्याचा बंगला. पाय थांबला. शेडमध्ये गाडी, गाडीच्या बाजूला खुर्चीवर आई. भाऊ पायरीवर बसलेला. त्यानी मला बघितला आनि मान खाली घातली. फाटकाला कुलूप नव्हता, नुसती कडी. कोन ये बोलला नाय, कोन जा बोलला नाय. कडी मी माझ्या हातानी काढली. आईनी मला नाय ओळखला. तिचे हात फुटलेले, माझ्या पिशवीत खोबरेलाची बाटली असतेच, मी तिच्या हाताला चोळायला लागली. तर तिनी हाताचा वास घेऊन बघितला आनि बोलली, फणस आनलास का गो? भाऊ उठून आत गेला.

आता दर आठवड्याला जाते, दुकान बंद असतो त्या दिवशी. आईला न्हाऊ घालते, तेल लावते, दोन घास भरवते. वहिनी चहा ठेवते पायरीवर, बोलत नाय. भाऊ पन नाय बोलत. दोन उन्हाळे गेले, तिसरा लागला, गाडी त्यानी एक दिवस उनात उभी नाय केली, अक्षरं हायत तशी हायत. त्यांच्या नाक्यावरच पॉलिशवाला बसतो, त्याला विचारला असता तर माझा खोटा तवाच उघडा पडला असता. विचारला नाय, की विचारून गप बसला, मला ठाव नाय, आनि मी पन विचारत नाय. सुखात राहू दे त्याला, पोराबाळांत. माझा मागना आता एकच, आई हाय तवर त्या फाटकाला कुलूप नको पडायला.