विदेशात जाऊन आलेली मेघा

नाव – करुणा अनुप लांजेवार, वय २७ वर्षे, धंदा – शेतमजुरी, रा. एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी सासू ललिताबाई व मुलगी मेघा, वय चार वर्षे, यांच्यासह राहते. पती अनुप वर्षभरापासून साकोलीत बस स्टँडजवळ दुसऱ्या बाईसोबत राहतो. गावाला ते माहीत आहे. मेघाला मात्र सासूने बाबा विदेशात गेला असे सांगितले. "बापाच्या नावानं लेकरू रोज रडन, त्यापेक्षा विदेश बरा," असे त्या म्हणाल्या. मी गप्प बसले, ती चूक माझी.

मेघा मोबाईलवर एकच कार्टून सिनेमा पाहते. त्यात दुडुदुडू चालणारी चार लेकरे लपूनछपून विदेशात जातात, धुमाकूळ घालतात आणि शेवटी त्यांना आईबाप सापडतात.

आज गावात रोवणा होता. धान लावायला साकोलीहून बायांची गाडी आली होती. सायंकाळी पाच वाजता मी पायाचा चिखल धूत असताना मेघा त्या गाडीत जाऊन बसली. बायांसोबत त्यांची लेकरेही असतात. गाडीवाला बाया मोजतो, लेकरे मोजत नाही. प्रत्येकीला ती दुसरीची वाटली. स्टँडवर सगळ्या उतरल्या, तीही उतरली.

इकडे मी धानाच्या बांध्या, विहिरी पालथ्या घातल्या. तलावाच्या काठी माझ्या मनात काय आले ते इथे लिहू नये. मेघाने गावाचे नाव सांगितल्यावरून साडेसातला साकोली पोलीस ठाण्यातून सरपंचांना फोन आला.

येथे आल्यावर समजले की, सहा वाजता एका इसमाने मेघाला आणून दिले. "स्टँडवर रडून राहिली होती, कोनाची हाय मले मालूम नाही," असे बोलून तो नाव न सांगता निघून गेला. मला कॅमेऱ्यातील चित्र दाखविले. तो माझा पती अनुप आहे. मेघाने त्याच्या गळ्याला मिठी मारली आहे आणि तो तिचे हात सोडवत आहे.

मेघाने मला विचारले, "विदेशात बाबा आपल्याले वळखत नाही का वो?"

सासूचे म्हणणे, लेकरू मिळाले, आता तक्रार नाही असे लिहून दे. मी तसे लिहून देत नाही. मुलीला ठाण्यापर्यंत पोचवले हे मला मान्य आहे. तिला न ओळखल्याबद्दल कोणते कलम लागते ते साहेबांनी पाहावे.

जबाब मला मराठीत वाचून दाखविला. त्यात 'अनोळखी इसम' असे होते. त्यातील 'अनोळखी' हा शब्द मी माझ्यासमोर खोडायला लावला. आता बरोबर आहे.