नानांनी जुळवलेला जोड

लेदरचे बूट घालून कुठेही जा, पण फैजपूरला सासुरवाडीला जाऊ नका! साल्याच्या साखरपुड्यासाठी मी जळगावातून नवेकोरे फिकट तपकिरी बूट घेतले, क्रीम चोळून चकचकीत केले. पण नानांना, म्हणजे सासऱ्यांना, जावयाला आधी केळीची बाग दाखवायची होती. त्यांनी घड कापला आणि चीक टपकन माझ्या उजव्या बुटावर! बघता बघता डाग काळा पडला. घरी येऊन क्रीम झालं, लिंबू झालं, डाग ढिम्म.

नाना म्हणाले, "केळीचा चीक तो. बूट फाटेल, पण डाग जायचा नाही."

"अहो, पण साखरपुड्यात लोक काय म्हणतील?"

"काढा बूट. मी पाहतो."

दहा मिनिटांनी नाना बागेतून खुशीत परतले. डाव्या बुटावरही अगदी तेवढाच डाग.

"घ्या पाव्हणे, जुळला जोड!"