पाइप उजवीकडून

आपली जीभ कधी कुठं घसरंल, सांगता येत न्हाई बघा. लातूरचे एक रिटायर सर त्यांची जुनी दोन सीटची स्पोर्ट कार घेऊन नांदेडला माझ्या गॅरेजवर आले. हवेवर थंड होणारं इंजिन, तेही मागं. आपल्याकडच्या उन्हात तेल लई तापायचं.

मी म्हटलं, "सर, ऑइल कूलर पुढं डाव्या मडगार्डात बसवू. तिथं हवा लागते, अन् पाइप डावीकडून सरळ मागं जातात."

"डावीकडून नको. तिकडं तुझी काकू बसते. गरम तेलाचे पाइप, तिचे पाय भाजतील. उजवीकडून ने."

"उजवीकडं स्टेअरिंग, पेडल. दोन दिवस जास्ती लागतील."

"लागू दे."

मी वैतागलो. "काकूंना फोन लावा, मीच विचारतो."

सर डाव्या सीटवरची धूळ रुमालानं पुसून राहिले होते. हात न थांबवता म्हणाले, "ती गेली की रे, संक्रांतीला."

मी गुमान पाइप उजवीकडून नेले. ट्रायल मारून आम्ही परत आलो, तर सरांनी उतरून आधी डावं दार उघडलं. पाय ठेवायच्या पत्र्यावर तळहात टेकवून बराच वेळ बसले.

"गार हाय," म्हणाले.