आवाज बंद होता तेव्हा

माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई, आन् सासर हे जाफराबाद. माहेरी आम्ही घरात चौदा माणसं, शेतकऱ्याचं घर, जो मोठ्यानं बोलंल त्याचंच ऐकू जायचं, म्हणून मी लहानपणापासून मोठ्यानं बोलते. तुम्हाला वाटत असंल ही बाई कामून ओरडून राह्यली, पण हे काहीच न्हाई ताई, आधी माझा आवाज त्या रस्त्याच्या पल्याड, जीपा उभ्या राह्यतात ना, तिथपर्यंत जायाचा. शाळा सातवीपर्यंत. लग्नात वडलांनी शिलाई मशीन दिली, आन् मालक गेले तेव्हा माझा संतोष नववीत होता, तर त्याच मशीनवर घर चाललं.

मंग हा क्लास सुरू केला, याच समोरच्या खोलीत. सहा मशीनी. लग्न ठरलेल्या पोरी येतात, लग्न झालेल्या येतात, सगळ्या मला मावशी म्हणतात. आन् माझी शिकवायची रीत कशी, तर सांगत राह्यचं. इथं खूण कर, इथून काप, अर्धा इंच सोड, तसं न्हाई गं, आण इकडं, आन् तिच्या हातातून कात्री घेऊन मीच कापून मोकळी. मला वाटायचं मी लई चांगलं शिकवते. पोरी वर्षभर शिकून जायाच्या आन् मंग घरून फोन करायच्या, मावशी गळा कसा बेतू. मी म्हणायचे, एवढं सांगून पण हिच्या ध्यानात राह्यत न्हाई. खोट माझ्या सांगण्यात असंल, असं मनात आलंच न्हाई कधी.

संतोष जालन्याला कंपनीत लागला, तिथं खोली करून राह्यला, रविवारी इकडं यायचा. त्याचं लग्न झालं, वर्षा आली, बदनापूरकडची पोरगी, बारावी झालेली. तिला मी इथंच ठेवून घेतलं. तिला विचारलं न्हाई, त्याला विचारलं न्हाई. मनात असं की आपल्या मागं क्लास हिनं चालवावा, आन् खरं सांगू का, घरात दुसरं माणूस पाह्यजे होतं मला. वाईट हेतू बिलकुल न्हवता. पण तिचा हात शिलाईत बसंना. दोन वर्षं झाली तरी टीप वाकडी. मी जितकं सांगायचे तितकी ती बिघडवायची.

एक दिवस आमच्या गल्लीतल्या नवरीचं ब्लाउज तिला कापायला दिलं, शालूवरचं, आन् तिनं दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. कापड दुसरं मिळणार न्हाई. मी सगळ्या पोरींसमोर बोलले. काय काय बोलले ते आता सांगायची पण लाज वाटते, तुझ्या बापानं तुला काही शिकवलंच न्हाई का, इथपर्यंत गेले. तिनं कात्री खाली ठेवली आन् आत गेली. रडली न्हाई. मंग त्या दिवसापासून नुसतं हो आत्या, न्हाई आत्या. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. आठ दिवसांनी मी परसात कपडे वाळू घालून राह्यले होते तर ती आत संतोषला फोनवर सांगत होती, मी माहेरी चालले आन् आता परत यायची न्हाई. हळू आवाजात, जसं भाजी काय करू विचारावं तसं. हातातलं ओलं लुगडं मी परत बादलीत टाकलं.

आन् काय सांगू तुम्हाला, त्याच हप्त्यात माझा आवाज गेला. आधी बसला, मंग घोगरा झाला, मंग नुसती हवा. जालन्याच्या डॉक्टरनं नळी घालून पाह्यलं, म्हणाले घशात आत गाठी आल्यात, ओरडून ओरडून येतात, ऑपरेशन टाळायचं असंल तर तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा न्हाई, कुजबुजायचं सुद्धा न्हाई. वर्षा सोबत आल्ती. ती म्हणाली, बरं, मी तोवर थांबते, माहेरी मंग जाईन. तेवढंच बोलली. माझ्यासाठी थांबली म्हणा, का पोरींच्या क्लाससाठी, मला कळलं न्हाई आन् विचारता तर येत न्हवतं.

मंग मी बेतायच्या खाकी कागदाचे तुकडे केले आन् पेन्सिल गळ्यात बांधली. सातवी शिकलेल्या बाईला लिहायला येळ लागतो ताई. एवढं समजावून कुठं लिहीत बसू, म्हणून सांगायचं सोडलं आन् विचारायचं तेवढं लिहायला लागले. पहिल्यांदा लिहायचे, असं कामून केलं. ते वाचलं की पोरगी मान खाली घालायची, चुकलं मावशी म्हणायची, संपलं. मंग एकदा दुसरंच लिहिलं, आधी काय केलं. तर ती पोरगी सांगायला लागली, आधी मी छातीचं माप घेतलं, मंग बाहीचा मुंढा आखला, मंग, आन् थांबली, म्हणाली, अगंबाई, मी मुंढ्यात शिलाईचं अर्धा इंच सोडलंच न्हाई. तिचं तिलाच सापडलं. मी काही केलं न्हाई, नुसती उभी होते. इतकी वर्षं मी पोरींना बोलूच दिलं न्हाई, हे मला त्या दिवशी उमगलं.

दुसरा आठवडा असंल. सकाळी पोरी यायच्या आधी मी खोलीत आले तर वर्षानं तिसरी मशीन उलटी करून उघडलेली. ती मशीन टाके सोडायची, भोकरदनचा मिस्त्री येतो येतो म्हणून येत न्हवता. मी ओरडायला तोंड उघडलं, अगं मोडशील, पण आवाज कुठाय. मंग दारातच उभी राह्यले. ती बोटानं चाक हळूहळू फिरवायची, कान जवळ न्यायची, परत स्क्रू अर्धा आटा फिरवायची. तिचा चेहरा मी दोन वर्षांत तसा पाह्यला न्हवता. मंग कापडाचा तुकडा घालून चालवली, टीप बराबर, सुतासारखी. मागं वळली तर मी. घाबरली. मी जल्दी कागद काढला, लिहिलं, हे कुठं शिकलीस.

तिनं कागद वाचला, माझ्याकडं पाह्यलं, आन् म्हणाली, गिरणीत.

मंग बोलली ताई. तिच्या वडलाची पिठाची गिरणी होती, पाचवीत असल्यापासून ही तिथं, पट्टा चढवायची, जात्याचा दगड टाकीनं टोचून खरबरीत करताना तो धरायची, मोटारीचा आवाज बदलला की वडलाच्या आधी हिला कळायचं. भावाला त्यातली काही गोडी न्हवती. हिच्या लग्नाआधी गिरणी विकली, तेव्हा ही दोन दिवस जेवली न्हाई, आन् घरच्यांना वाटलं लग्नाचं टेन्शन आहे. चहा गार झाला आमचा. मधे दोनदा मला वाटलं आपण काहीतरी बोलावं, धीर द्यावा, पण पेन्सिल उचलेपर्यंत ती पुढं गेलेली असायची, आन् ते पुढचंच खरं असायचं.

मंग मी लिहिलं, बाह्या कापताना काय झालं. तिनं मशीनवरचं तेल फडक्यानं पुसलं. मंग म्हणाली, आत्या, तुम्ही मागं उभ्या होत्या. तुम्ही मागं असल्या की माझा हात माझा राह्यत न्हाई.

बापाबद्दल मी जे बोलले होते ते आठवलं मला. गिरणीत ज्यानं एवढं शिकवलं त्या बापाबद्दल. कागदावर माफ कर लिहिलं, अक्षर वाकडं आलं, तिनं तो कागद घडी करून पदरात ठेवला. आन् मी आणखी एक लिहून दिला, तुला काय करायचंय. ती म्हणाली, मला शिवायचं न्हाई आत्या. मशीनी दुरुस्त करायच्यात. यांच्या खोलीजवळ जालन्यात एक दुकान आहे, तिथले काका शिकवायला तयार आहेत, यांच्याकडं गेले तेव्हा मी दोनदा बोलून आले. मला हे माहीत न्हवतं. हातातला कागद मी बाजूला ठेवला. उत्तर आपल्या मनासारखं न्हवतं ना. त्या दिवशी मंग मी काहीच लिहिलं न्हाई. चार दिवस न्हाई लिहिलं. तीही बोलली न्हाई, पोरी घाबरून आमच्याकडं पाह्यच्या.

तीन आठवडे झाले, आम्ही दोघी जालन्याला गेलो. डॉक्टरनं तपासलं, म्हणाले, हं, बोला आता काहीतरी, हळू. मला वाटलं बाई आपण काय बोलणार. घसा साफ केला आन् वर्षाकडं तोंड करून म्हणलं, तुझं दुकान कुठंय, दाखव मला. तिचे डोळे भरले. डॉक्टरला काही कळलं न्हाई, ते म्हणाले आवाज चांगला आहे.

गेलो मंग. अंधारी खोली, चारी बाजूंनी टेबलावरून काढलेली मशीनीची डोकी मांडलेली. तिनं एक सुटा भाग उचलला, त्या काकांना काहीतरी विचारलं, काका हसले, दोघं बोलत बसले. मला त्यातलं एक अक्षर कळलं न्हाई. पण माझी सून कुणासमोर मान वर करून बोलून राह्यली, हे मी पहिल्यांदा पाह्यलं. पुढच्या महिन्यात ती संतोषकडं राह्यला गेली. मीच जीपपर्यंत पिशवी नेली.

आता मी एकटी. गल्लीत बाया म्हणतात, सुनेला डोक्यावर बसवलं आन् आता घर खायला उठतंय. उठतंयच. खोटं कामून बोलू. क्लासात मी हात पाठीमागं बांधून फिरते, कात्री घ्यायची सवय जात न्हाई ना. मागल्या हप्त्यात एकीवर ओरडलेच, मंग तिच्याजवळ जाऊन बसले.

वर्षाचा दिवसाआड फोन येतो. आज कुठली मशीन आली, काय बिघडलं होतं, कसं सापडलं, सगळं सांगते. मला निम्मं समजत न्हाई. मी म्हणते, मंग? ती पुढं सांगते. मी म्हणते, मंग गं? तेवढंच माझं काम. पोरगी रमली, देवीनं तिला तशीच रमती ठेवावी. माझं काय, माझं चाललंय.