नव्या ब्रेकची पूजा

चहा घ्या, आणि माझं कुठं चुकलं ते सांगा. मुळगावच्या उताराची मला धास्ती, म्हणून म्हापशाहून सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवून आणले. दसऱ्याला त्याच उतारावर दोन्ही ब्रेक दाबले, तर सायकल थांबेचना! थेट भाताच्या शेतात जाऊन पडलो. बघतो तर ब्रेकची चकती तेलकट. ती चकती आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये तेल असतं, तेच गळलं असणार, असं घरी येऊन म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, ते खोबरेल. नव्या लोखंडाला पूजेत मीच लावलं."

"अगं, त्यानंच ब्रेक लागले नाहीत! मेलो असतो!"

"मेलात काय? पूजा केली म्हणूनच वाचलात."

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, पण यातली चूक मला अजून सापडत नाही.