भारी पोलाद, स्वस्त सुरी आणि माझं नाव

…आणि वर म्हणे काय, ‘भावोजी, पोलाद तेवढं भारीतलं घाला, बाकी सुरी आपली स्वस्तातलीच असू दे!’ ऐकलंत? पोलाद तेवढं! अहो, ही आमची मेव्हणी चिझुरुताई, उदोनची, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांची, खानावळ चालवते, तिला वाटतं पोलाद म्हणजे रश्शातलं मीठ, चिमूटभर जास्त टाकलं की झालं! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं या सकाई शहरात सुऱ्या घासतोय मी. पातं घडवतो उराबे लोहार, घासून धार काढतो मी, मूठ बसवतो तिसराच कुणीतरी, आणि नाव कोरतात कुणाचं? दुकानदाराचं! हे माझं दुखणं बाईला बरोब्बर ठाऊक. म्हणाली, ‘या सुरीवर तुमचं नाव कोरा ना! तोकुनागा! गिऱ्हाइकं रोज बघतील.’ …विरघळलो हो! माणूस आहे मी!

गेलो उराबेकडे. पोलादाचं नाव काढलं, तर त्यानं हातोडाच खाली ठेवला. ‘डोकं फिरलंय का तुझं? त्याला पाणी द्यायचं तर माझी भट्टी कामाची नाही. आच मोजूनमापून लागते, वर बर्फही गरम वाटेल अशा थंडीत बुडवायचं. स्वस्तात केलंस तर अर्धवटच होणार!’ आणि अर्धवट पाणी दिलेलं भारी पोलाद म्हणजे महागाचा तांदूळ आणून कच्चा वाढणं; त्यापेक्षा साधं परवडलं! शेवटी त्याच्या हातापाया पडून पातं घडवून घेतलं, परगावी पाठवलं, तिथून पाणी देऊन आणलं.

मग बसलो घासायला. साधी सुरी तासाभरात हातावेगळी करतो मी, आणि ही बया? तीन दिवस! पातं झिजेना, दगडच झिजला! अहो, पोलादाची किंमत ती काय, भागवली असती कशीतरी… पण ते दगड, ती परगावची भट्टी, ही माझी मनगटं, हे सगळं कुठल्या स्वस्तात बसवायचं, सांगा ना! आणि रोज फोन, ‘भावोजी, अजून नाही झाली? पोलाद तेवढंच तर बदललंय!’ आमची बायको फुमिए म्हणते, ‘अहो, ताईला खरी किंमत सांगा.’ कुठल्या तोंडानं सांगू? नाव कोरून बसलो होतो ना! दिली, साध्या सुरीच्या भावात.

आठच दिवसांत हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस आला. त्या दिवशी भोपळा खाल्ला नाही तर वर्षभर आजारपण, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चिझुरुताईनं घेतला दगडासारखा भोपळा, घातली माझी सुरी, अडकली, आणि बाईनं ती दोन्ही हातांनी… मुरडली! टवका! तणतणत आली, ‘भारी पोलाद ना हे? मग तुटलं कसं?’ म्हटलं, अगं ताई, कडक आहे म्हणूनच तुटलं! जे कडक असतं त्याची धार टिकते, पण ते वाकत नाही, मोडतं! तर म्हणते, ‘मग कडकही असेल आणि मोडणारही नाही असं घाला की… पोलाद तेवढं!’ आणखी दोन दिवस घासत बसलो. फुकट!

परवा पुन्हा दारात. म्हणाली, ‘तुमची सुरी काचेच्या पेटीत लावलीय भिंतीवर. वापरायला जीवच होत नाही हो!’ मग भाजी कशानं चिरतेस? तर पिशवीतून काढली… शंभर येनच्या दुकानातली पत्र्याची सुरी! ‘हिला जरा धार लावा. आणि नावही घाला बाई हिच्यावर, गिऱ्हाइकं विचारतात.’

लावली. दहा मिनिटं लागली. नावही कोरलं… मऊ पत्रा, लोण्यासारखं उतरलं! एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावाची सुरी कुणीतरी रोज वापरतंय हो… आता तिच्यात पोलाद तेवढं नाहीये!